लिलाव न होणारी दिवाळखोरी

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयात पीटर ब्रुगेल या चित्रकाराने १५६६ च्या सुमारास रंगवलेले एक चित्र आहे. खेड्यातल्या लग्नात नाचणाऱ्या माणसांनी ते दाटीवाटीने भरलेले आहे. क्रिस्टीज या लिलाव संस्थेने २०१३ साली या एकट्या चित्राची किंमत दहा ते वीस कोटी डॉलर असावी असा अंदाज दिला. चित्र कोणी विकायला काढलेले नव्हते. ते शहराच्या पैशाने घेतलेले होते, त्याची मालकी शहराकडे होती, आणि त्या मालकाने १८ जुलै २०१३ रोजी न्यायालयात जाऊन, सुमारे १८ अब्ज डॉलरची देणी आपण फेडू शकत नाही, असे लेखी कळवले होते. अमेरिकेच्या इतिहासातली ही शहराची सर्वांत मोठी दिवाळखोरी. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यापैकी काहींनी सरळ हिशेब मांडला की चित्रे विका आणि आमचे पैसे द्या. पुढे सतरा महिने खटला चालला, अब्जावधी डॉलरची देणी माफ झाली, हजारो निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला कात्री लागली, आणि चित्र मात्र भिंतीवरून हलले नाही.

हे कसे झाले ते समजून घ्यायचे तर शहराची दिवाळखोरी आणि कंपनीची दिवाळखोरी यांतला फरक आधी पाहावा लागतो. कंपनी बुडाली की शेवटचा उपाय म्हणून तिचे दुकान बंद करता येते, यंत्रे आणि इमारती विकता येतात, आलेला पैसा धनकोंमध्ये ठरलेल्या क्रमाने वाटता येतो आणि कंपनीचे नाव नोंदवहीतून काढून टाकता येते. शहराचे असे काही करता येत नाही. तिथे माणसे राहतात, नळाला पाणी लागते, आग लागली तर बंब यावा लागतो. त्यामुळे अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातल्या शहरांसाठीच्या भागात, म्हणजे नवव्या प्रकरणात, विसर्जनाची तरतूदच नाही. न्यायालय शहराची मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्यासाठी विश्वस्त नेमत नाही. धनकोंना शहराला जबरदस्तीने दिवाळखोरीत ओढता येत नाही, अर्ज फक्त शहरच करू शकते. कर्जाच्या फेरआखणीची योजनाही फक्त शहरच मांडू शकते. कायद्याच्या कलम ९०४ नुसार तर शहराच्या संमतीशिवाय न्यायाधीशांना शहराच्या शासकीय अधिकारांत, महसुलात किंवा मालमत्तेत हस्तक्षेप करता येत नाही. कर किती वाढवायचा, कोणती बाग विकायची, किती पोलिस ठेवायचे, यातले काहीही न्यायाधीश सांगू शकत नाहीत.

ही बंधने कायदा करणाऱ्यांच्या उदारपणामुळे आलेली नाहीत. अमेरिकेच्या संघराज्यात शहरे ही राज्यांची अपत्ये मानली जातात, आणि केंद्राच्या न्यायालयाने राज्याच्या अपत्याला कसे वागायचे ते शिकवणे घटनेला मंजूर नाही. महामंदीच्या काळात हजारो नगरपालिका आणि सिंचन जिल्हे (म्हणजे फक्त सिंचनाच्या कामासाठी स्थापलेल्या स्थानिक संस्था) बुडाले तेव्हा १९३४ साली पहिला कायदा झाला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९३६ साली तो राज्यांच्या सार्वभौमत्वावर अतिक्रमण करतो म्हणून रद्द ठरवला. संसदेने १९३७ साली तो अधिक सावधपणे लिहून पुन्हा केला आणि १९३८ साली तो न्यायालयात टिकला. आजचा कायदा त्याच सावधपणाचा वारसदार आहे.

म्हणूनच या दारातून आत जाणेही सोपे नाही. राज्याने आपल्या कायद्यात स्पष्ट परवानगी दिलेली असावी लागते, आणि देशातली सुमारे निम्मीच राज्ये कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ती देतात. जॉर्जियात ती सरळ नाकारलेली आहे, तर इलिनॉय राज्याने सरसकट परवानगी दिलेली नसल्यामुळे शिकागोच्या पेन्शन निधीत कितीही मोठे भगदाड असले तरी त्या शहराला आपल्या मनाने हा मार्ग धरता येत नाही. शहर खरोखर नादार आहे हेही सिद्ध करावे लागते, आणि इथे नादारी मोजतात ती रोकडीवर. पूल, रस्ते आणि उद्याने यांची किंमत मांडून ताळेबंद काढण्यात अर्थ नसल्यामुळे, देय होणारी बिले शहर भागवू शकते का, एवढेच पाहिले जाते. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहराचा १९९१ चा अर्ज याच कसोटीवर बाद झाला. शहर ओढगस्तीला आले होते हे खरे, पण त्या वर्षाची बिले देण्याइतका पैसा त्याच्याकडे होता. याखेरीज, धनकोंशी सद्भावनेने वाटाघाटी केल्या होत्या किंवा त्या करणे व्यवहार्यच नव्हते, हे पटवून द्यावे लागते. १९३७ पासून असे अर्ज सातशेच्या आत झाले असून त्यांतले बहुसंख्य पाणीपुरवठा किंवा सांडपाणी जिल्ह्यांसारख्या छोट्या संस्थांचे आहेत, ते यामुळेच.

अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. दावे थांबतात, खाती गोठवता येत नाहीत, थकलेल्या बिलांसाठी कोणी जप्ती आणू शकत नाही. शहराला श्वास घ्यायला वेळ मिळतो. डेट्रॉइटला तो किती हवा होता हे आकडेच सांगतात. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेल्या या शहरात २०१० च्या जनगणनेत सव्वासात लाखही माणसे उरली नव्हती. अर्ज केला तेव्हा रस्त्यांवरचे सुमारे ४० टक्के दिवे बंद होते आणि ओसाड घरांची व इमारतींची संख्या ७८ हजारांच्या घरात होती. कर भरणारी माणसे निघून गेली, पण ती होती त्या काळात काढलेली कर्जे आणि दिलेली वचने शहरातच राहिली.

आता धनकोंकडे वळू. सगळे धनको एका रांगेत उभे असतात ही पहिली चुकीची समजूत. शहराने काढलेल्या कर्जरोख्यांपैकी काहींची परतफेड एका विशिष्ट उत्पन्नातून व्हायची असते. पाणीपट्टीतून जलवाहिन्यांचे कर्ज, टोलमधून पुलाचे कर्ज, असा तो मामला. कायदा अशा 'विशेष महसुलाला' वेगळे कवच देतो. दिवाळखोरी चालू असतानाही त्या उत्पन्नावर रोखेधारकांचा बोजा कायम राहतो. डेट्रॉइटच्या पाणी आणि मलनिस्सारण रोख्यांच्या धारकांना म्हणूनच शेवटी पूर्ण पैसे मिळाले. अर्थात या कवचालाही चिरा आहेत. पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटाच्या महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकरणात एका अपील न्यायालयाने २०१९ साली निकाल दिला की बोजा कायम असला तरी खटला चालू असताना हप्ते देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, त्यासाठी सक्ती करता येणार नाही. (पोर्तो रिकोला नवव्या प्रकरणाचा आधार घेता येत नसल्यामुळे त्याच्यासाठी २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला होता, पण हे कलम त्यातही घेतलेले होते.) तोपर्यंत रोखे बाजार वेगळ्याच समजुतीत वावरत होता.

दुसऱ्या प्रकारचे रोखे शहराची 'पूर्ण पत' पणाला लावून काढलेले असतात. वेळ पडल्यास कर वाढवू पण तुमचे पैसे देऊ, असे वचन त्यांमागे असते, आणि म्हणून कित्येक पिढ्या ते सर्वांत सुरक्षित समजले जात. डेट्रॉइटने ही समजूत मोडली. वचन म्हणजे तारण नव्हे, असे शहराच्या वकिलांचे म्हणणे होते. अखेर ज्या रोख्यांसाठी मतदारांनी स्वतंत्र मालमत्ताकर मंजूर केला होता त्यांना डॉलरमागे ७४ सेंट मिळाले, आणि ज्यांच्यामागे असा वेगळा कर नव्हता त्यांना निम्म्याहूनही कमी. यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या गटासाठी गोळा होणाऱ्या करातला जो २६ टक्के वाटा रोखेधारकांनी सोडला, तो कर पुढेही गोळा होत राहिला आणि त्यातला पैसा अल्प उत्पन्नाच्या निवृत्तांना आधार देण्याकडे वळवण्यात आला. कर एकाच्या नावाने, लाभ दुसऱ्याला.

ऱ्होड आयलंड या छोट्या राज्याने याच्या नेमके उलट केले. तिथले सेंट्रल फॉल्स हे जेमतेम १९ हजार वस्तीचे शहर ऑगस्ट २०११ मध्ये दिवाळखोरीत गेले. त्याआधी काही आठवडेच राज्याने कायदा करून रोखेधारकांना स्थानिक संस्थांच्या महसुलावर थेट बोजा देऊन टाकला होता. एका शहराला सूट दिली तर उद्या राज्यातल्या प्रत्येक गावाला कर्ज महाग पडेल, ही भीती त्यामागे होती. परिणाम व्हायचा तोच झाला. रोखेधारकांना शेवटच्या पैशापर्यंत मिळाले, आणि निवृत्त पोलिसांच्या व अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमध्ये ५५ टक्क्यांपर्यंत कपात झाली. पुढे राज्याने काही वर्षांसाठी पूरक मदत देऊन पेन्शन मूळ रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणली. एकच केंद्रीय कायदा असून दोन शहरांत एवढा फरक पडला, कारण कोणाला किती मिळणार याचा मोठा भाग राज्याच्या कायद्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो.

तिसरा गट बिनतारणी धनकोंचा. कंत्राटदार, पुरवठादार, नुकसानभरपाईचे दावे जिंकलेले नागरिक हे सगळे त्यात येतात, आणि त्यांच्या पदरात बहुधा चणे-फुटाणेच पडतात. डेट्रॉइटमध्ये या गटात एक मोठी आणि गुंतागुंतीची रक्कम होती, ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. पेन्शन निधीतली तूट भरण्यासाठी शहराने २००५ साली सुमारे १.४ अब्ज डॉलर उभे केले. कर्जमर्यादेचे नियम आड येऊ नयेत म्हणून मध्ये स्वतंत्र संस्था उभ्या करून 'सहभाग प्रमाणपत्रे' विकण्यात आली. त्यातल्या बऱ्याच भागाचा व्याजदर बदलता असल्यामुळे, दर वाढले तर फटका नको म्हणून शहराने बँकांशी व्याजदर अदलाबदलीचे करार केले, म्हणजे शहराने ठरावीक दराने पैसे द्यायचे आणि बँकांनी बदलत्या दराने. २००८ नंतर दर वाढायच्या ऐवजी कोसळले, आणि करारानुसार शहरालाच बँकांना दरवर्षी काही कोटी डॉलर द्यावे लागू लागले. शहराचा पतदर्जा घसरल्यावर २००९ साली बँकांनी करार तोडण्याचा हक्क वापरू नये म्हणून शहराने कॅसिनोंच्या करातून येणारे हमखास उत्पन्न तारण दिले. पेन्शनची तूट भरण्यासाठी सुरू झालेल्या व्यवहारात शहर आपले सर्वांत भरवशाचे उत्पन्नच गहाण टाकून बसले. न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी बँकांना १६.५ कोटी डॉलर देऊन सुटका करून घेण्याचा प्रस्ताव महागडा म्हणून फेटाळला, आणि अखेर ८.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. प्रमाणपत्रांच्या वाट्याला रोखीत फारच थोडे आले.

न्यायालयात सर्वांत जोरात भांडणारे धनको बहुतेक वेळा रोखे विकत घेतलेले सामान्य गुंतवणूकदार नसतात, तर त्या रोख्यांचा विमा उतरवलेल्या कंपन्या असतात. रोखा बुडाला की विमा कंपनी धारकाला पैसे देते आणि त्याच्या जागी स्वतः धनको होऊन उभी राहते. डेट्रॉइटमध्ये सिन्कोरा आणि एफजीआयसी या दोन विमा कंपन्यांनी अखेरपर्यंत प्रतिकार केला. चित्रे विका हा आग्रहही मुख्यतः याच बाजूचा होता.

आता पेन्शन. निवृत्त कर्मचारी हेही कायद्याच्या भाषेत धनकोच असतात, ही गोष्ट पुष्कळांना प्रथम ऐकताना पटत नाही. पण शहराने त्यांना दिलेले वचन आणि पेन्शन निधीत प्रत्यक्ष असलेला पैसा यांत तफावत असेल, तर तेवढ्या रकमेपुरता त्यांचा दावा शहरावर असतो, आणि तो बिनतारणी असतो. निधीत आधीच जमा असलेला पैसा मात्र विश्वस्त निधीत असल्यामुळे इतर धनकोंना त्याला हात लावता येत नाही. म्हणजे वाद होतो तो तुटीबद्दल.

ही तूट किती हे ठरवणेच मोठे वादग्रस्त असते. समजा वीस वर्षांनी कोणाला १०० डॉलर द्यायचे आहेत. गुंतवणुकीवर वर्षाला ८ टक्के परतावा मिळेल असे धरले तर आज साधारण २१.४५ डॉलर बाजूला ठेवले की पुरे. परतावा ७ टक्के धरला तर २५.८४ डॉलर लागतात. गृहीतकात एका टक्क्याचा फरक, आणि आज लागणारी रक्कम वीस टक्क्यांनी जास्त. राज्यपालांनी मार्च २०१३ मध्ये नेमलेले आणीबाणी व्यवस्थापक केव्हिन ऑर यांनी डेट्रॉइटच्या दोन पेन्शन निधींतली तूट ३.५ अब्ज डॉलर असल्याचे सांगितले, आणि निधींच्या विश्वस्तांचे म्हणणे होते की ती याच्या कितीतरी पट कमी आहे. आशावादी गृहीतक धरले की वर्षानुवर्षे शहराला निधीत कमी पैसे भरावे लागतात आणि कोणालाच कर वाढवावा लागत नाही, त्यामुळे ते गृहीतक बदलण्याची घाई कोणालाही नसते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातले खरे दुखणे हेच आहे.

डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनच्या घटनेत स्पष्ट लिहिलेले होते की सार्वजनिक पेन्शन हे कराराने आलेले बंधन असून त्यात घट करता येणार नाही. त्यामुळे पेन्शनला धक्का लागणारच नाही, अशी निवृत्तांची समजूत होती. ३ डिसेंबर २०१३ रोजी न्यायाधीश ऱ्होड्स यांनी ती खोटी ठरवली. त्यांच्या तर्काचा गाभा असा होता की राज्याच्या घटनेनेच पेन्शनला 'करार' म्हटले आहे, आणि दिवाळखोरीचा कायदा अस्तित्वात आहे तोच मुळी करारांत बदल करता यावा म्हणून. राज्यांना करार मोडायला केंद्राची घटना मनाई करते, पण दिवाळखोरीचे कायदे करण्याचा अधिकार केंद्राला देते, आणि मिशिगनने आपल्या शहराला त्या कायद्याखाली जायला परवानगी दिली म्हणजे त्याचे परिणामही स्वीकारले. अमेरिकेत खासगी कंपन्यांच्या पेन्शनला केंद्रीय विमा महामंडळाचे संरक्षण असते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनला ते लागू नाही. त्यात डेट्रॉइटचे निवृत्त पोलिस आणि अग्निशमन कर्मचारी यांना त्या नोकरीबद्दल केंद्राची सामाजिक सुरक्षा पेन्शनही मिळत नव्हती. शहराची पेन्शन गेली तर मागे दुसरा आधार नव्हता.

प्रत्यक्ष कपात किती झाली? सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची मूळ पेन्शन ४.५ टक्क्यांनी कमी झाली आणि महागाईनुसार दरवर्षी होणारी वाढ पूर्णपणे थांबली. पोलिस आणि अग्निशमन दलातल्या निवृत्तांच्या मूळ पेन्शनला हात लागला नाही, पण त्यांची महागाईवाढ निम्म्याहून कमी उरली. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत साडेचार टक्के हा आकडा गाजला, आणि तो ऐकून प्रकरण थोडक्यात आटोपले असे वाटते. हिशेब करून पाहिला की चित्र बदलते. महिना १,५०० डॉलर पेन्शन असलेल्या माणसाचे साडेचार टक्क्यांनी ६७.५० डॉलर गेले. पण महागाई वर्षाला फक्त २ टक्के धरली, तरी वाढ नसलेल्या पेन्शनच्या १०० डॉलरना वीस वर्षांनी आजच्या ६७ डॉलरइतकीच किंमत उरते. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेल्याच्या बाबतीत मोठी कपात ही दुसरी आहे, आणि ती कुठल्याही पावतीवर कपात म्हणून छापून येत नाही. याशिवाय, ज्यांनी पगारातून स्वेच्छेने वेगळ्या बचत खात्यात पैसे ठेवले होते त्यांच्यापैकी अनेकांच्या खात्यावर पूर्वी जमा झालेले व्याज प्रमाणाबाहेर होते असे ठरवून तेही वसूल करण्यात आले. काही घरांना हा फटका साडेचार टक्क्यांपेक्षा जड गेला.

आणि सर्वांत मोठा खड्डा पडला तो पेन्शनमध्ये नव्हे, तर निवृत्तांच्या आरोग्यविम्यात. भविष्यात द्यायच्या वैद्यकीय खर्चाची जबाबदारी अब्जावधी डॉलरची होती, तिच्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा जवळजवळ नव्हता, आणि घटनेचे संरक्षणही तिला नव्हते. तिच्यातला सुमारे ९० टक्के भाग कापला गेला आणि उरलेला एका विश्वस्त निधीकडे सोपवला गेला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहरात तर निवृत्तांचे ५४.५ कोटी डॉलरचे आरोग्यविषयक दावे ५१ लाख डॉलरवर मिटले. डॉलरमागे एक सेंटसुद्धा नाही.

स्टॉकटनची गोष्ट दुसऱ्या एका कारणासाठीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. सुमारे तीन लाख वस्तीचे हे शहर जून २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेले. तिथले न्यायाधीश क्रिस्टोफर क्लाइन यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये पेन्शनही कमी करता येते असा निर्वाळा दिला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पेन्शनला अजिबात हात न लावणारी शहराची योजना मंजूर केली. कापता येते याचा अर्थ कापलीच पाहिजे असा होत नाही, आणि योजना मांडण्याचा हक्क शहराचाच असतो. कॅलिफोर्नियाच्या राज्यव्यापी पेन्शन निधीतून बाहेर पडायचे तर १.६ अब्ज डॉलरचा दावा अंगावर येईल आणि पेन्शन नसलेल्या शहरात पोलिस टिकणार नाहीत, अशी शहराची बाजू होती. फ्रँकलिन टेम्पलटन या गुंतवणूक कंपनीने सुमारे ३.६ कोटी डॉलर कर्ज दिलेले होते आणि तिच्या हाती बिनतारणी भागापोटी फारच थोडे पडणार होते. कर्मचाऱ्यांना सगळे आणि आम्हाला काहीच नाही, ही तिची तक्रार. न्यायाधीशांनी मात्र कर्मचाऱ्यांनी गमावलेला पगार आणि आरोग्यविमा एकत्र मोजून योजना न्याय्य ठरवली. त्याआधी कॅलिफोर्नियातल्याच व्हॅलेहो या शहरानेही पेन्शन तशीच ठेवली होती.

मग मालमत्तेचे काय? तारण दिलेली मालमत्ता जाते. स्टॉकटनने नवे मुख्यालय म्हणून घेतलेली मोठी इमारत आणि काही वाहनतळ अर्ज करण्यापूर्वीच बँकेने ताब्यात घेतले होते, कारण त्यांच्यावर काढलेल्या कर्जाचे हप्ते थकले होते. फ्रँकलिनचे तारण होते दोन गोल्फ मैदाने आणि एक उद्यान, ज्यांतून उत्पन्नापेक्षा खर्चच जास्त निघत होता. तारण आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्या धनकोने ते तारण कधी जाऊन पाहावे, असे या प्रकरणावरून वाटते. तारण न दिलेली मालमत्ता मात्र शहर स्वतः विकायला निघाले नाही, तर कोणीही विकायला लावू शकत नाही. योजना 'धनकोंच्या हिताची' असली पाहिजे अशी अट कायद्यात आहे, पण लिलाव शक्यच नसल्यामुळे तिचा अर्थ एवढाच उरतो की खटला फेटाळला गेला असता तर मिळाले असते त्यापेक्षा धनकोंना बरे काही मिळावे.

तरीही चित्रांचा प्रश्न संपला नव्हता. शहराने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या सुमारे २,८०० कलाकृतींची एकत्रित किंमत क्रिस्टीजने ४५.४ कोटी ते ८६.७ कोटी डॉलर सांगितली होती, आणि पेन्शन कापून चित्रे राखणे हे राजकीयदृष्ट्या अवघड होते. मध्यस्थ म्हणून नेमलेले न्यायाधीश जेराल्ड रोझेन यांनी यातून वाट काढली ती 'ग्रँड बार्गेन' नावाने ओळखली जाते. धर्मादाय प्रतिष्ठानांनी ३६.६ कोटी डॉलर, संग्रहालयाने देणग्या उभारून १० कोटी, आणि राज्याने वीस वर्षांच्या हिशेबाने ३५ कोटी (प्रत्यक्षात एकरकमी १९.५ कोटी) द्यायचे ठरले. हा सारा पैसा फक्त पेन्शन निधीत जाणार होता, आणि बदल्यात संग्रहालयाची मालकी शहराकडून एका स्वतंत्र सार्वजनिक न्यासाकडे जाणार होती. ज्या मालमत्तेवर धनकोंचा डोळा होता तीच शहराच्या हातातून काढून घेऊन तिच्या मोबदल्यातले पैसे एकाच गटाला दिले गेले. विमा कंपन्यांनी याला पक्षपात म्हटले, आणि नुसते गणित पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण निवृत्तांनी योजनेच्या बाजूने मत दिले तरच राज्याचा आणि प्रतिष्ठानांचा पैसा येणार होता. नाही म्हटले असते तर सर्वसाधारण कर्मचाऱ्यांची कपात साडेचारऐवजी २७ टक्के झाली असती. जुलै २०१४ मध्ये मतमोजणी झाली तेव्हा पोलिस व अग्निशमन गटात ८२ टक्के आणि सर्वसाधारण गटात ७३ टक्के मते बाजूने पडली. असा पर्याय समोर ठेवल्यावर दुसरे काय होणार होते, असा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो.

हट्टी विमा कंपन्यांना अखेर मालमत्तेतूनच शांत केले गेले, फक्त चित्रांऐवजी जमिनींतून. सिन्कोराला डेट्रॉइट आणि कॅनडातले विंडसर यांना जोडणाऱ्या नदीखालच्या बोगद्याच्या भाडेपट्टीत मुदतवाढ आणि एका वाहनतळाचे हक्क मिळाले, तर एफजीआयसीला नदीकाठच्या जुन्या जो लुई क्रीडागाराच्या जागेवर बांधकाम करण्याचे हक्क. शहर पुन्हा उभे राहिले तरच या हक्कांना किंमत येणार होती, त्यामुळे कालचे विरोधक शहराच्या भरभराटीतले भागीदार होऊन बसले. पाणीपुरवठ्याची व्यवस्थाही विकली गेली नाही. आसपासच्या परगण्यांसह एक प्रादेशिक प्राधिकरण उभे राहिले, आणि १ जानेवारी २०१६ पासून ते मोठ्या जलवाहिन्या चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरून वर्षाला ५ कोटी डॉलर देऊ लागले.

या सगळ्यात एक धनको असा आहे जो न्यायालयात कधीच उभा नसतो, आणि तो म्हणजे बिल भरणारा नागरिक. अलाबामातल्या जेफरसन परगण्याने मलनिस्सारणाच्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या कर्जापायी २०११ मध्ये अर्ज केला. बँकांनी मोठ्या रकमेवर पाणी सोडले, पण २०१३ च्या योजनेत मलनिस्सारणाचे दर पहिली चार वर्षे दरसाल सात टक्क्यांहून अधिक आणि त्यानंतरही वाढतच जाणार हे लिहून घेतले गेले. विशेष महसुलाच्या रोख्यांना मिळणाऱ्या कवचाची किंमत अशी घरोघरच्या बिलांतून वसूल होते.

डेट्रॉइटची योजना ७ नोव्हेंबर २०१४ रोजी मंजूर झाली आणि १० डिसेंबरला शहर दिवाळखोरीतून बाहेर आले. सुमारे ७ अब्ज डॉलरची देणी कमी झाली, वकील आणि सल्लागारांवर जवळपास १७.८ कोटी डॉलर खर्च झाले, आणि दहा वर्षांत १.७ अब्ज डॉलर दिवे, बंब, पोलिस आणि ओसाड घरे पाडणे अशा कामांवर खर्च करायचे ठरले. पेन्शन निधीत शहराने भरायच्या मोठ्या रकमा जवळपास दहा वर्षे लांबणीवर टाकण्यात आल्या, कारण तेवढा काळ राज्य आणि प्रतिष्ठाने भार उचलणार होती. योजना मंजूर होऊन दीड वर्ष होण्याआधीच महापौरांनी जाहीर केले की पुढे भरावी लागणारी रक्कम योजनेतल्या अंदाजापेक्षा जवळपास ५० कोटी डॉलरने जास्त निघते आहे. सल्लागारांनी आयुर्मानाचे जुने तक्ते वापरले होते, आणि निवृत्त माणसे त्या तक्त्यांपेक्षा जास्त जगत होती. शहराने मग एक वेगळी गंगाजळी उघडून तिच्यात दरवर्षी पैसे साठवायला सुरुवात केली, आणि सवलतीचा काळ संपल्यावर पेन्शनचे हप्ते पुन्हा सुरू झाले ते काही अंशी तिच्यातूनच.